अकरावं पान

१

शेरीवस्तीच्या शाळेतलं सगळ्यात जुनं जनरल रजिस्टर कपाटातून बाहेर आलं, तेव्हा त्याच्या पुठ्ठ्यावर धुळीचा कण नव्हता. शेजारच्या दप्तरावर मात्र बोटानं नाव लिहावं एवढी धूळ. भानुदासराव ओव्हाळांच्या नजरेनं ते आधी टिपलं आणि मग ते पानं उलटू लागले.

नऊ. दहा. बारा.

ते थांबले. पुन्हा मागं आले. दहाव्या आणि बाराव्या पानाच्या मधे, शिवणीला लागून, कागदाची एक बारीक पट्टी उरली होती. कड सरळ. ब्लेडनं कापलेली.

"बाई, जरा इकडं या."

मुख्याध्यापिका कौसल्याबाई वाकून बघायला लागल्या आणि त्यांचा चेहराच उतरला. वर्षापूर्वीच त्या इथं बदलून आल्या होत्या. "अगं बाई! साहेब, मला खरंच काही माहीत नाही. मला यातलं एक अक्षरसुद्धा लागत नाही. सगळी मोडी आहे."

रजिस्टर होतं लोकल बोर्डाच्या काळातलं. पुढं शाळा नीरातीर शिक्षण मंडळाकडं आली, तेव्हा दप्तरही आलं. मंडळाची कचेरी बारामतीत आणि नऊ शाळा बारामती-इंदापूरच्या वाड्यावस्त्यांवर. भानुदासराव त्या नऊ शाळांचे पर्यवेक्षक. हजेरीपटावरची खोटी पोरं त्यांनी बोटानं वेचून काढली होती. परीक्षेच्या खोलीत ते नुसते उभे राहिले, तरी पोरं खिशातल्या चिठ्ठ्या गिळायची. कुठं काही काळंबेरं झालं की मंडळाचे अध्यक्ष म्हणायचे, "ओव्हाळसाहेबांना पाठवा."

१९९६ च्या जुलैत ते शेरीवस्तीला आले होते एका निनावी अर्जामुळं. शाळेचा शिपाई सिद्धू याचा खरा जन्म पस्तीस सालचा, नोकरीत त्यानं अडतीस लावला, साठी उलटली तरी पगार खातो, असा अर्ज होता. सिद्धू याच शाळेत तिसरीपर्यंत शिकलेला. पहिलीत घालताना लिहिलेली जन्मतारीख या रजिस्टरात असणार होती. ती बघायची, टिपून घ्यायची आणि परत जायचं, एवढंच काम.

भानुदासरावांनी रजिस्टराची शेवटची पानं काढली. तिथं नावांची सूची होती, कोण कितव्या पानावर ते सांगणारी. जन्मतारखा तिच्यात नव्हत्या. त्यांनी बोट ठेवून वाचायला सुरुवात केली. पान अकरा, जून त्रेचाळीस ते जून चव्वेचाळीस. एकोणीस नावं.

"सिद्धूचं नाव अकराव्या पानावरच आहे," ते म्हणाले.

कौसल्याबाईंनी कपाळावर हात मारला. "म्हणजे त्यानंच..."

भानुदासरावांचं बोट सूचीत आणखी वर, पाचव्या नावावर येऊन थांबलं होतं. ते नाव त्यांनी मोठ्यानं वाचलं नाही. वाचायची गरजही नव्हती. त्यांचंच होतं ते.

आणि पान गेलेलं बघून आपल्याला बरं वाटलं, छातीवरचा धोंडा उतरावा तसं बरं वाटलं, हे लक्षात आलं तेव्हा त्यांच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

२

त्या पानावर भानुदासरावांचा जन्म चार मार्च सदतीस असा लिहिलेला होता. त्यांच्या नोकरीच्या कागदावर मात्र एक जून एकोणचाळीस.

झालं होतं असं. दुष्काळात वडील गेले आणि पोरगा दोन वर्षं शाळेतून निघून गुरांमागं फिरला. परत आला तेव्हा हुशार म्हणून शेरीवस्तीच्या शाळेतल्या गुरुजींनी त्याला बारामतीच्या एका बोर्डिंगात घालायचं ठरवलं. बोर्डिंगात बाराच्या वरचं पोर घेत नसत आणि हा चौदाचा. गुरुजींनी रजिस्टरात काही खाडाखोड केली नाही, पण दाखल्यावर दोन वर्षं कमी लिहिली. "शिक आधी," एवढंच म्हणाले. पोरगा शिकला, मास्तर झाला, पुढं पर्यवेक्षक झाला.

शिपायांची निवृत्ती साठीला, मास्तरांची अठ्ठावन्नला. खऱ्या तारखेनं पंचाण्णवच्या मार्चमधेच अठ्ठावन्न भरून ते घरी बसायला हवे होते. ते बसले नाहीत. कुणी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही.

आता चौकशी तर करायलाच हवी होती. त्यांनी सिद्धूला व्हरांड्यात बोलावलं. दुसरा तास चालला होता. तीन वर्गांच्या खिडक्यांतून पोरांची तोंडं बाहेर आली.

सिद्धू वाळकासा, पांढऱ्या मिशांचा माणूस. हातातला झाडू बाजूला ठेवून समोर उभा राहिला.

"पान कुठं आहे?" भानुदासरावांनी विचारलं. आवाज त्यांना हवा होता त्याहून मोठा निघाला.

"कसलं पान, साहेब?"

"रजिस्टराचं. तुमच्या जन्माचं. कपाट रोज कोण पुसतं?"

"मीच पुसतो की. पर वरनं पुसतो. किल्ली बाईंकडं आसती."

"तुमची पेटी उघडा."

सिद्धूनं जिन्याखालची पत्र्याची पेटी आणली. त्यात एक सदरा होता, तंबाखूची पिशवी, खडूचे तुकडे आणि कागदात गुंडाळलेलं अर्धं ब्लेड. भानुदासरावांनी ते दोन बोटांत धरून वर केलं, सगळ्यांना दिसेल असं.

"हे काय?"

"पोरांच्या पेन्सली तासतो, साहेब." सिद्धूच्या नजरेत राग नव्हता, नुसतं आश्चर्य होतं. "आई म्हणायची, गांधीबाबा राजकोटला उपाशी बसलं त्याच्या आदल्या वर्साला तू झालास. ते अडतीस साल व्हतं असं गुरुजींनीच मोजून लिवलं. मी पान कशापायी कापू? त्या पानावर माझं खरंच लिवलंय. ते ऱ्हायलं तर माझाच फायदा हाय."

खिडकीतलं एक पोर हसलं आणि दुसऱ्यानं त्याला दटावलं.

"चार दिवसांत पान आणून द्या," भानुदासराव म्हणाले. "नाही आलं, तर मला निलंबनाची शिफारस करावी लागेल."

हे बोलताना त्यांनी सिद्धूकडं बघितलं नाही. एवढ्या वर्षांत चौकशीच्या वेळी समोरच्याच्या डोळ्यांतून त्यांनी नजर कधी काढली नव्हती.

३

कौसल्याबाईंनी आठवून आठवून सांगितलं. गेल्या आठवड्यात कपाट दोनदा उघडलं गेलं. सोमवारी शाळासमितीचे संभाजीराव आले, इमारतीचे जुने कागद बघायचे म्हणून. बुधवारी लासुर्ण्याच्या शाळेचे मुख्याध्यापक जोतीराम मदने आले. ते पूर्वी इथंही होते. या ऑगस्टअखेर निवृत्त होणार, म्हणून आपली नोंद पडताळायला आले होते. दोघांनाही बाईंनी किल्ली दिली आणि त्या वर्गावर गेल्या.

"मदनेसर जाताना कसे दिसले?"

"गडबडीत होते. चहासुद्धा घेतला नाही."

भानुदासरावांनी पुन्हा एकदा रजिस्टर उजेडात धरलं. आता त्यांना दुसरीच गोष्ट खटकली. बारावं पान हे अकराव्याचं जोडपान. एक कापलं की दुसरं शिवणीतून सुटायला हवं. ते सुटलं नव्हतं. मुळाशी कुणीतरी ते चिकटवलं होतं, अगदी हलक्या हातानं, सुरकुतीही न पडू देता. तिथं कागदाला किंचित निळी झाक होती. शाईचा डाग असेल, असं त्यांनी मनाशी म्हटलं.

पण चोर पान चोरून नेतो आणि जाताना पुस्तक दुरुस्त करून जातो? हे कसलं चोराचं वागणं?

संभाजीराव निरोपाची वाट न बघताच आले. बुलेट फाटकात लावली आणि खुर्ची ओढून बसले. "साहेब, आता आनी काय बघताय? गडी सापडलाय. आजच्या आज घरी बसवा त्याला. माझा पुतण्या अर्ज करून बसलाय दोन वर्सं."

"निनावी अर्ज तुमचाच का?"

संभाजीराव हसले. "आता तुमच्यापासनं काय लपवायचं? व्हय, माझाच."

भानुदासरावांना मनातून हुरूप आला. या माणसाला पान नाहीसं करायचं कारण होतं. सिद्धूची तारीख खरी निघाली असती तर पुतण्याची शिपाईगिरी गेली असती. किल्लीही हातात आलेली. हाच असावा, असं त्यांना वाटलं. खरं म्हणजे हाच असावा, असं त्यांना फार वाटायला लागलं.

"सोमवारी तुम्ही हे रजिस्टर काढलं होतंत?"

"काढलं की." संभाजीरावांनी ते पुढं ओढलं, शेवटाकडं कुठंतरी उघडलं आणि ओळींवरून बोट फिरवलं. "सिद्ध्याचं नाव हुडकायचं म्हणून अर्धा तास बसलो. पर ही कोंबडीच्या पायाची भाषा कुनाला कळती? तसंच ठिवून दिलं. तुमी सांगा, यात त्याचं नाव कुठं आलं?"

त्यांचं बोट सूचीवरच होतं, सिद्धूच्या नावापासून दोन बोटं खाली.

भानुदासरावांनी रजिस्टर मिटलं. एवढी साधी गोष्ट आपल्याला तासाभरापूर्वी का सुचली नाही? की सुचू द्यायचीच नव्हती?

दोनशे पानांतून नेमकं अकरावं कापायचं, तर ते ओळखता यायला हवं. संभाजीरावांना ते वाचता येत नव्हतं. कौसल्याबाईंना येत नव्हतं. तिसरीतून शाळा सोडलेल्या सिद्धूला तर देवनागरी सहीपुरतीच यायची. गुरुजींनी शाळा सुटल्यावर समोर बसवून मोडी शिकवली होती ती फक्त दोन पोरांना.

त्यातले एक स्वतः भानुदासराव होते.

४

दुसरा कोण हे ठाऊक असूनही भानुदासराव दोन दिवस लासुर्ण्याला गेले नाहीत.

बारामतीच्या घरात बसून त्यांनी अहवाल लिहायला घेतला. 'सदर शिपायाच्या पेटीत ब्लेड आढळून आले.' हे वाक्य खरं होतं. 'सदर पानावर त्याची नोंद असल्याचे सूचीवरून दिसते.' हेही खरं होतं. एकही खोटं अक्षर न लिहिता एका माणसाला बुडवता येत होतं, आणि आपल्याला ते इतकं सफाईनं जमतंय हे बघून त्यांनी लेखणी खाली ठेवली.

पण अहवाल फाडला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी रोजच्यासारखी वंदना झाली. तसबिरीपुढं मेणबत्ती लावून दोघं नवराबायको पंचशील म्हणत. तीन शीलं झाली. चौथं, खोटं न बोलण्याचं. भागुबाईंचा आवाज पुढं गेला आणि त्यांच्या लक्षात आलं की शेजारचा आवाज बंद पडलाय.

त्यांनी वळून बघितलं. "काय झालं?"

भानुदासरावांनी बसल्या जागी सगळं सांगितलं. पान, सिद्धू, ब्लेड, खिडकीतली पोरं. भागुबाई ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "पंच्याण्णवला मी म्हणलं व्हतं का न्हाय? आता बास करा म्हणून?"

"म्हणाली होतीस."

"तवा तुमी काय म्हणालात? गुरुजींचं नाव खराब हुईल."

"हो."

"गुरुजींचं न्हवं, तुमचं नाव. तवा मी बी गप बसले. मला बी बाजारात लोकं साहेबांची बाई म्हणून वाट देत्यात, ते ग्वाड वाटायचं." त्या पदरानं डोळे टिपत उठल्या. "पर त्या सिद्धूची बायकू बी बाजारात येत आसंल की. सारजा. मी वळखते तिला."

भानुदासरावांनी टोपी घेतली आणि ते एसटी स्टँडकडं निघाले.

५

लासुर्ण्याच्या शाळेला मधली सुट्टी होती. शेतांकडं जाणारे ट्रॅक्टर रस्त्यानं धडधडत होते. जोतीराम मदने कचेरीत एकटेच बसून फाटका नकाशा कापडावर चिकटवत होते. वाटीत खळ होती. भानुदासराव दारात उभे राहिले आणि त्यांची नजर वाटीवर खिळली. गव्हाच्या पिठाची ती खळ फिकट निळी होती.

"मोरचूद घालतो," जोतीराम मान वर न करता म्हणाले. "कसर लागत न्हाय. गुरुजींनीच शिकवलं व्हतं. तू इसरलास वाटतं."

"विसरलो होतो," भानुदासराव म्हणाले.

दोघे एका वस्तीवरचे. जोतीरामांचे वडील मेंढरं घेऊन फिरायचे, भानुदासरावांचे दुसऱ्याच्या शेतात राबायचे. गुरुजींनी दोघांना एका सतरंजीवर बसवलं, त्याची त्या काळी वस्तीत केवढी तरी चर्चा झाली होती. पुढं दोघे एकाच मंडळात लागले. सेवाज्येष्ठतेच्या यादीत एक नंबरला भानुदास आणि दोन नंबरला जोतीराम. भानुदास निवृत्त झाला की पर्यवेक्षक जोतीराम. खऱ्या तारखेनं भानुदास पंचाण्णवला निवृत्त व्हायला हवा होता, तो झाला नाही. आणि पुढच्या महिन्यात जोतीराम मुख्याध्यापक म्हणूनच घरी जाणार होते.

"पान तू कापलंस," भानुदासराव म्हणाले.

"व्हय."

"माझ्यासाठी?"

जोतीराम हसले. ते हसणं चांगलं नव्हतं. "तुझ्यासाठी? आरं, माझी नोंद बाराव्या पानावर. सहज एक पान मागं उलटलं आनी तुझी तारीख दिसली. मी तितंच खाली बसलो, भाना. एक वरीस आनी पाच महिनं ती खुर्ची माझी व्हती. माझ्या म्हातारीनं डोळं मिटंपर्यंत इचारलं, जोत्या, सायब कधी व्हनार? मी सांगायचो, भाना निघाला की. म्हातारी गेली मागच्या दिवाळीत."

भानुदासराव आत आले. समोरच्या खुर्चीत बसले.

"मंडळात न्हिऊन तोंडावर फेकायचं म्हणून कापलं."

"कापायचं कशाला? नुसतं सांगितलं असतंस तरी—"

"सांगितलं आसतं, तर तपासायला कोण आलं आसतं?" आता जोतीरामांनी पहिल्यांदा वर बघितलं. "तूच. रजिस्टर तुझ्याच ताब्यात आलं आसतं. खरं सांग, तू ठिवलं आसतंस ते पान?"

बाहेर पोरं आट्यापाट्या खेळत होती. त्यांचा गलका आत येत होता. भानुदासरावांनी उत्तर शोधलं, आणि जे सापडलं ते तोंडातून काढणं त्यांना जमलं नाही. तेवढं उत्तर जोतीरामांना पुरलं.

"मग फेकलं का नाहीस?" भानुदासरावांनी विचारलं.

"घरी आलो, राग उतरला. वाटलं, मी बी शाळेचं दप्तर फाडलंय. गुरुजींनी ज्या हाताला खळ लावायला शिकवलं, त्याच हातानं. तितं बी बघ ना, जोडपान निखळाय लागलं तर दुसऱ्या दिवशी दोन मिंटं जाऊन चिकटवून आलो, किल्ली टेबलावरच पडली व्हती, बाईंनी बघितलं बी न्हाय. मग सिद्धूचं कळलं. त्याचं नाव त्याच पानावर आसंल हे माझ्या टकुऱ्यात बी न्हवतं. बघितलं, तर हाय. अडतीस सालच. खरं बोलतोय तो."

"हे कळूनही तू दोन दिवस गप्प बसलास?"

"बसलो. पुढच्या म्हैन्यात निरोपसमारंभ हाय. नात गाणं म्हणनार हाय." जोतीरामांनी खळीची वाटी बाजूला सरकवली. "तुझ्यावर थुंकायला गेलो आनी तुझ्यासारखाच निघालो."

त्यांनी खण उघडला, दोन पुठ्ठ्यांमधे जपून ठेवलेलं पान काढलं आणि टेबलावरून पुढं सरकवलं.

"ने. तुझ्या हातात देतो. जाळायचं तर जाळ. मी कुठं बोलणार न्हाय."

६

बारामतीला जाणाऱ्या एसटीत भानुदासराव खिडकीशी बसले होते. पुठ्ठे मांडीवर होते. शेजारी एक म्हातारी गाठोडं घेऊन पेंगत होती. वाटेतल्या एका फाट्यावर गाडी थांबली, तेव्हा त्यांनी पुठ्ठा उघडला.

गुरुजींचं अक्षर. पाचवी ओळ: भानुदास, जन्म ४ मार्च १९३७. चौदावी ओळ: सिद्धू, जन्म १३ जुलै १९३८. दोन्हींच्या मधे आठ नावं. पान जपलं तर सिद्धू सुटत होता आणि ते जात होते. पान गेलं तर ते राहत होते आणि सिद्धू जात होता. अर्धं ठेवून अर्धं टाकायची सोय गुरुजींनी ठेवली नव्हती.

वाटेत कालव्याचा पूल लागला. पाणी भरून वाहत होतं, खिडकी उघडी होती, हात बाहेर काढला की झालं. तो विचार मनात आला आणि पूल संपेपर्यंत मनात राहिला. पुढं कितीतरी दिवस भानुदासरावांना सगळ्यात जास्त लाज वाटायची ती त्या पुलाची. तिथं त्यांना कुणी बघितलेलं नव्हतं, तरीही.

शनिवारी दुपारी मंडळाची बैठक होती. सातआठ जण होते, चहा येऊन गेला होता. संभाजीरावही खास शेरीवस्तीवरून आले होते. अध्यक्ष म्हणाले, "बोला साहेब. काय निघालं?"

भानुदासराव उभे राहिले. "शिपाई सिद्धू निर्दोष आहे. त्याची तारीख खरी आहे. हे पान." त्यांनी ते टेबलावर ठेवलं. "मी त्याला पोरांसमोर चोर ठरवलं. त्याच्या पेटीतलं ब्लेड हातात धरून दाखवलं. तो चोर नाही हे मला त्याच दिवशी कळलं होतं, आणि तरी मी दोन दिवस अहवालात त्याचंच नाव लिहीत बसलो."

अध्यक्षांनी पान जवळ ओढलं.

"कारण याच पानावर माझं नाव आहे. पाचवी ओळ. माझा जन्म सदतीसचा आहे. दाखल्यावर एकोणचाळीस आहे. तो दाखला लिहिला गेला तेव्हा मी पोर होतो, पण पंचाण्णवला पोर नव्हतो. गेलं दीड वर्ष मी ज्या खुर्चीवर बसलोय ती माझी नाही."

अध्यक्षांनी चष्मा काढला. त्यांनी विचारलं, "पण मग पान कापलं कुणी?"

आता खरी परीक्षा होती. जोतीरामांचं नाव घ्यायचं तर महिनाभरावर आलेली त्यांची निवृत्ती नासणार. नाही घ्यायचं तर पुन्हा एक गोष्ट लपवायची. भानुदासरावांनी तोंड उघडलं. तेवढ्यात दाराशी कुणीतरी खाकरलं.

जोतीराम उभे होते. धुतलेलं धोतर, डोक्याला पटका, घामानं चिंब. बसमधून उतरून पळत आले असावेत.

"मी कापलं," ते म्हणाले. "त्याला सांगू देऊ नका. माझं मला सांगू द्या."

७

त्यानंतर जे व्हायचं ते झालं. सिद्धूवरचा अर्ज निकाली निघाला. भानुदासरावांना त्याच दिवसापासून घरी बसवलं आणि दीड वर्षाचं काय करायचं यासाठी वेगळी समिती नेमली. जोतीरामांवर ठपका आला. त्यांचा निरोपसमारंभ रद्द झाला. बैठकीतून बाहेर पडताना दोघे एका जिन्यानं उतरले, पण बोलले नाहीत. रस्त्यावर आल्यावर जोतीराम लासुर्ण्याच्या गाडीकडं गेले आणि भानुदासराव घराकडं.

गावात बातमी पसरायला एक दिवस पुरला. रविवारी भाजी घ्यायला गेलेले भानुदासराव अर्धी पिशवी घेऊन परत आले. ज्या वकिलाच्या पोराला त्यांनी परीक्षेत चिठ्ठीसकट पकडून वर्षभर बसवलं होतं, तो वकील बाजारात समोर आला, थांबला, हसला आणि नमस्कार करून गेला. नमस्कार जरा जास्तच वाकून केला होता.

सोमवारी सकाळी ते शेरीवस्तीला गेले. त्यांना कुणी पाठवलं नव्हतं. सिद्धू अंगणात पाणी मारत होता.

"सिद्धू, मी माफी मागायला आलोय."

सिद्धूनं बादली खाली ठेवली. "कळलं सगळं. बाईंनी सांगितलं."

"माझी चूक झाली. फार मोठी."

"साहेब, हितं माझ्या कानात सांगून काय उपेग?" सिद्धूचा आवाज चढला नव्हता. "तवा पोरं बघत व्हती. माझा नातू चौथीत हाय. घरी येऊन त्यानं इचारलं, आबा, तुमी पान चोरलं का? मी न्हाय म्हणलं. तर म्हणतो, पर साहेब कधी खोटं बोलत न्हाईत. दोन दिस तो माझ्यासंगं जेवला न्हाय."

भानुदासरावांना वाटलं, इथंच जमीन फाटावी.

"मग मी काय करू?"

"प्रार्थनेला पोरं बाहेर येतील. त्यांना सांगा."

प्रार्थना झाली. दीडशे पोरं रांगांत बसली. कौसल्याबाई बाजूला उभ्या राहिल्या. भानुदासराव पुढं आले. या अंगणात त्यांनी कितीदा भाषणं केली होती, स्वच्छतेवर, अभ्यासावर, खरं बोलण्यावर. त्या भाषणांतलं एकही वाक्य आज उपयोगाचं नव्हतं.

"मुलांनो," ते म्हणाले, "मागच्या आठवड्यात मी सिद्धूमामांना तुमच्यासमोर चोर म्हणालो. ते चोर नाहीत. खोटं मी बोललो होतो. माझं वय मी लपवलं होतं आणि ते उघडं पडू नये म्हणून मी त्यांच्यावर आळ येऊ दिला. मामांनी काही केलं नाही. सगळं मी केलं."

काही लहानग्यांना काय चाललंय तेच कळलं नव्हतं. पुढच्या रांगेतल्या एका मुलीनं हात वर केला. प्रतीक्षा नाव तिचं, पाचवीतली.

"मग तुमाला शिक्षा कोण करनार, साहेब?"

कौसल्याबाई तिला गप्प करायला पुढं झाल्या. भानुदासरावांनी हातानंच त्यांना थांबवलं.

"चालू आहे, बाळ," ते म्हणाले.

चौथीच्या रांगेत एक पोरगा मान वळवून व्हरांड्याकडं बघत होता. तिथं सिद्धू उभा होता. पोरगा बघत राहिला, मग पुढं वळला, पुन्हा मागं वळला. सिद्धूनं मान हलवून त्याला पुढं बघ म्हणून खुणावलं. त्याचा चेहरा बदलला नाही, फक्त खांद्यावरचा टॉवेल काढून त्यानं तोंड पुसलं आणि पुसतच राहिला.

पोरं वर्गात गेल्यावर भानुदासराव त्याच्याजवळ आले. हात जोडले.

"ऐकलं मी," सिद्धू म्हणाला. "पोरांनी बी ऐकलं. ते बरं झालं." मग तो म्हणाला, "पर माफीचं मला आज सांगता यायचं न्हाय, साहेब. उगं तोंडदेखलं व्हय म्हणू का?"

"नको," भानुदासराव म्हणाले.

"मग ऱ्हाऊ द्या. सवडीनं बघू."

त्यानं बादली उचलली आणि उरलेल्या अंगणात पाणी मारायला लागला. भानुदासराव फाटकातून बाहेर पडले. बारामतीची गाडी यायला तासभर होता. ते रस्त्याच्या कडेला उन्हात उभे राहिले. येणारेजाणारे त्यांच्याकडं बघत होते आणि ते मान खाली न घालता एकेकाच्या नजरेला नजर देत होते. ते सोपं नव्हतं. गाडी उशिरा आली.